संपीडनाखाली ठिसूळ पदार्थांतील कर्तन-भेगांची वाढ

संपीडनाखाली ठिसूळ पदार्थांतील कर्तन-भेगांची वाढ ही भंगयामिकी आणि खडकयामिकी या शाखांमधील एक मध्यवर्ती प्रक्रिया होय. खडक, काँक्रीट, काच, बर्फ, सिरॅमिक यांसारखे पदार्थ चेपले गेले असता कसे फुटतात, याचे स्पष्टीकरण तिच्यातून मिळते. खडकाचा दंडगोलाकार नमुना बाजूंनी थोडा आवळून वरून दाबत नेला, तर तो बहुधा तिरप्या पातळीवर तुटतो आणि त्याचे दोन तुकडे एकमेकांवरून सरकतात. तुटलेला नमुना पाहणाऱ्याला ही एकाच कर्तन-भेगेची सरळ वाढ वाटते. प्रत्यक्षात एकटी कर्तन-भेग दाबाखाली आपल्या पातळीत सहसा पुढे जात नाही. ती वळते आणि थांबते. नमुन्याला आरपार छेदणारी तिरपी भेग ही हजारो सूक्ष्म भेगा एकमेकींना जोडल्या गेल्याने तयार होते. ही जुळणी कशी व केव्हा होते, यावर खाणीतील खांबांची सुरक्षितता, बोगद्यांच्या भिंतींचा टिकाऊपणा, इमारतींच्या स्तंभांची रचना आणि भूकंपाच्या विभंगांची निर्मिती हे प्रश्न अवलंबून असतात.

संज्ञा

वस्तूच्या एखाद्या पातळीला समांतर आणि दोन्ही बाजूंना परस्परविरुद्ध दिशेने लागणाऱ्या बलाला कर्तन म्हणतात. अभियंत्यांच्या बोलण्यात ‘शिअर’ हा शब्द रूढ आहे. जाड वहीचे दोन पुठ्ठे विरुद्ध दिशांना सरकवले की पाने एकमेकांवरून घसरतात, ती कर्तनाची क्रिया होय. पातळीला लंब असलेले बल पदार्थाला दाबत असेल तर ते संपीडन, ओढत असेल तर ताण. एकक क्षेत्रफळावरील बलाला प्रतिबल म्हणतात व ते मेगापास्कलमध्ये मोजतात.

वस्तूवर फक्त उभा दाब असला तरी तिच्या आतील प्रत्येक तिरप्या पातळीवर कर्तन-प्रतिबल असतेच. संपीडनात कर्तनाचा प्रश्न येतो तो याच कारणाने.

भेगेच्या दोन पृष्ठभागांची हालचाल कशी होते, यावरून भंगयामिकीत भेगांचे तीन प्रकार मानतात. पहिल्या प्रकारात पृष्ठभाग एकमेकांपासून दूर जातात व भेग उघडते. दुसऱ्या प्रकारात ते भेगेच्या पुढच्या कडेला लंब दिशेने, तर तिसऱ्या प्रकारात त्या कडेला समांतर दिशेने एकमेकांवरून घसरतात. दुसरा व तिसरा हे दोन्ही कर्तनाचे प्रकार आहेत. भेगेच्या टोकाशी प्रतिबल किती एकवटले आहे हे दाखवणारा प्रतिबल-तीव्रता गुणक अमेरिकन अभियंता जॉर्ज अर्विन यांनी १९५७ मध्ये मांडला. हा गुणक पदार्थाच्या भंग-चिवटपणाइतका झाला की भेग वाढू लागते.

कुलोंचा नियम

या विषयाचा आरंभ शार्ल-ऑग्युस्तँ द कुलों या फ्रेंच लष्करी अभियंत्यापासून होतो. विद्युत्‌भारांच्या नियमामुळे परिचित असलेल्या कुलों यांनी १७७३ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे वास्तुरचनेतील समस्यांवर एक प्रबंध सादर केला. पदार्थ ज्या पातळीवर तुटतो तिथे कर्तन-प्रतिबलाला दोन गोष्टींवर मात करावी लागते, असे त्यांचे म्हणणे होते. एक म्हणजे पदार्थाचे अंगभूत संसंजन आणि दुसरी म्हणजे पातळीवरील दाबाच्या प्रमाणात वाढणारे घर्षण. १९०० मध्ये जर्मन अभियंता ऑटो मोर यांनी हा विचार व्यापक केला. तेव्हापासून तो मोर-कुलों निकष या नावाने ओळखला जातो आणि स्थापत्य अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तो शिकावा लागतो.

या निकषानुसार भंगपातळी सर्वाधिक दाबाच्या दिशेशी ४५ अंशांचा कोन करीत नाही, जरी कर्तन-प्रतिबल सर्वांत जास्त त्याच पातळीवर असते. घर्षणामुळे ती दाबाच्या दिशेकडे अधिक झुकते. घर्षण-गुणांक ०.६ धरल्यास हा कोन सुमारे ३० अंश येतो. ग्रॅनाइटच्या नमुन्यांत प्रत्यक्ष कोन साधारणतः २० ते ३० अंशांदरम्यान आढळतो. एवढ्या साध्या नियमाने इतका जवळचा अंदाज द्यावा हे विशेष आहे.

मात्र हा नियम ‘कधी’ व ‘कोणत्या कोनात’ या प्रश्नांचीच उत्तरे देतो. भेग कोठे जन्मते, कशी वाढते, आधी काय घडते, यांविषयी तो काहीच सांगत नाही. सगळी भंगपातळी एकाच क्षणी निकामी होते असे तो गृहीत धरतो. कोणताही खरा पदार्थ तसा तुटत नाही.

ग्रिफिथ यांचा विचार

इंग्लंडमधील फार्नबरो येथील विमान-संशोधन केंद्रात काम करणाऱ्या ॲलन अर्नोल्ड ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात काचेचे सामर्थ्य तिच्या रेणूंमधील आकर्षणावरून काढलेल्या किमतीपेक्षा इतके कमी का असते, याचा उलगडा केला. पदार्थात आधीपासून असलेल्या सूक्ष्म भेगांच्या टोकांशी प्रतिबल एकवटते. भेग वाढल्याने मुक्त होणारी स्थितिस्थापक ऊर्जा नवा पृष्ठभाग तयार करण्यास लागणाऱ्या ऊर्जेइतकी झाली की ती पसरू लागते. ताणाखाली हे घडले की भेग जितकी लांब, तितके तिला वाढवायला लागणारे प्रतिबल कमी. म्हणून ताणाखालील काच एकदम, एकाच भेगेने तुटते.

१९२४ मध्ये ग्रिफिथ यांनी संपीडनाचा विचार केला. तिरपी भेग दाबाखाली असली तरी तिच्या टोकाजवळ एका लहान जागी ताण निर्माण होतो, हे त्यांनी दाखवले. या गणितावरून ठिसूळ पदार्थाचे संपीडन-सामर्थ्य त्याच्या ताण-सामर्थ्याच्या आठपट असावे असे निघते. बऱ्याच खडकांत हे गुणोत्तर त्याहून मोठे, १० ते २० च्या आसपास असते. फरकाची दोन कारणे पुढे स्पष्ट झाली. दाबाखाली भेगा मिटतात व त्यांच्या पृष्ठभागांमध्ये घर्षण निर्माण होते, हे ग्रिफिथ यांनी धरले नव्हते. १९६२ मध्ये फ्रँक मॅक्लिंटॉक व जोसेफ वॉल्श यांनी ती उणीव भरून काढली. दुसरे कारण अधिक मूलभूत आहे. भेग वाढू लागणे म्हणजेच पदार्थ तुटणे, हे समीकरण ताणात खरे असले तरी संपीडनात खरे नाही.

पंखभेगा

हे दुसरे कारण १९६३ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील विल्यम ब्रेस व ई. जी. बोंबोलाकिस यांच्या प्रयोगांतून पुढे आले. त्यांनी काच व पारदर्शक रेझिन यांच्या पट्ट्यांत तिरप्या भेगा करून पट्ट्या दाबल्या. भेग आपल्या पातळीत पुढे गेली नाही. तिच्या दोन्ही टोकांपासून नव्या भेगा फुटल्या, वक्र होत दाबाच्या दिशेला समांतर झाल्या आणि थोड्या अंतरावर थांबल्या. दाब वाढवल्याशिवाय त्या पुढे सरकेनात. एव्हर्ट होक व झेड. टी. बिनियाव्स्की यांनी १९६५ मध्ये काचेवर केलेल्या प्रयोगांतही हेच दिसले. मूळ भेगेच्या टोकांना पंखांसारख्या फुटणाऱ्या या भेगांना पंखभेगा म्हणतात.

यामागील यंत्रणा अशी आहे. दाबाखाली मूळ भेगेचे दोन पृष्ठभाग एकमेकांवर टेकलेले असतात. त्यांच्यावरील कर्तन-प्रतिबल घर्षणापेक्षा जास्त झाले की ते घसरतात. या घसरणीमुळे प्रत्येक टोकाच्या एका बाजूचा पदार्थ ओढला जातो आणि तिथे ताण येतो. ठिसूळ पदार्थ ताणाला सर्वांत दुबळे असतात. त्यामुळे पदार्थ तिथेच उघडतो. फाझिल एर्दोगान व जॉर्ज सिह यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या निकषानुसार शुद्ध कर्तनाखालील भेग आपल्या मूळ दिशेपासून सुमारे ७०.५ अंशांनी वळते. म्हणजे कर्तनाने चालना मिळालेली नवी भेग स्वतः पहिल्या प्रकारची, उघडणारी असते.

पंखभेग थांबण्याचे कारणही याच यंत्रणेत आहे. मूळ भेगेची घसरण एखाद्या पाचरीसारखी पंखभेगेला उघडते. पंखभेग लांब होत जाते तशी पाचर टोकापासून दूर राहते आणि टोकावरील प्रतिबल-तीव्रता घटते. ताणाखालील भेग लांबीबरोबर अनावर होते, तर संपीडनाखालील पंखभेग लांबीबरोबर शांत होते. ठिसूळ पदार्थ दाबाखाली ताणापेक्षा कितीतरी अधिक भार सोसतात, त्यामागे मुख्यतः हीच गोष्ट आहे.

सिया नेमत-नासर व हिदेयुकी होरी यांनी १९८२ ते १९८६ या काळात या प्रक्रियेचे सविस्तर गणित केले आणि कोलंबिया रेझिनच्या पट्ट्यांवर त्याची पडताळणी केली. बाजूने किंचित ताण असेल तर पंखभेग एका लांबीनंतर थांबत नाही, ती नमुन्याला उभी चिरून टाकते, हा त्यांचा एक महत्त्वाचा निष्कर्ष होता. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हे बहुतेक प्रयोग आरपार भेग असलेल्या पातळ पट्ट्यांवर झाले. जाड ठोकळ्याच्या आत बुडालेल्या चकतीसारख्या भेगेचे पंख तिच्या कडेभोवती गुंडाळले जातात आणि साधारणतः मूळ भेगेच्या आकाराइतकेच वाढून थांबतात, असे आर्काडी डिस्किन व सहकाऱ्यांना आढळले. त्यामुळे पाठ्यपुस्तकांत दिसणारी लांबलचक पंखभेगांची चित्रे खऱ्या खडकाला जशीच्या तशी लागू पडत नाहीत.

बाजूच्या दाबाचा परिणाम

बाजूने येणारा दाब या सर्व प्रक्रियेवर फार मोठा परिणाम करतो. तो एका उदाहरणाने लक्षात येतो. एखाद्या खडकात उभ्या दिशेशी ३० अंशांचा कोन करणारी मिटलेली भेग आहे आणि घर्षण-गुणांक ०.६ आहे असे समजा. वरून १०० मेगापास्कल दाब असून बाजूने काहीच नसेल, तर भेगेवरील लंब प्रतिबल २५ व कर्तन-प्रतिबल सुमारे ४३ मेगापास्कल असते. घर्षण त्यातील १५ मेगापास्कल रोखते आणि भेग घसरवण्यासाठी सुमारे २८ मेगापास्कल शिल्लक राहतात. आता बाजूने २० मेगापास्कल दाब लावला की लंब प्रतिबल ४० होते व कर्तन-प्रतिबल ३५ च्या आत येते. घर्षण २४ मेगापास्कल खाऊन टाकते आणि उरतात सुमारे ११. बाजूचा दाब ३२ मेगापास्कलपर्यंत नेला तर काहीच उरत नाही. भेग जागची हलत नाही. वरच्या दाबाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी असलेला बाजूचा आधार घसरण पूर्णपणे थांबवू शकतो.

शिवाय बाजूचा दाब पंखभेगांना थेट मिटवण्याचाही प्रयत्न करतो. त्यामुळे त्याच्या किमतीनुसार पदार्थ तुटण्याची रीतच बदलते. बाजूचा दाब नसेल तर नमुना उभ्या ढलप्यांमध्ये चिरतो. मध्यम दाब असेल तर पंखभेगा आखूड राहतात, संख्येने वाढतात आणि शेवटी तिरपी कर्तन-भेग तयार होते. दाब फारच जास्त असेल तर संगमरवरासारखे काही खडक एका पातळीवर न तुटता सगळीकडून थोडेथोडे विरूप होतात आणि पिंपासारखे फुगतात.

छिद्रांमधील पाणी याच्या उलट काम करते. छिद्रजलाचा दाब भेगेवरील लंब प्रतिबलातून वजा होतो, घर्षण घटते आणि आधी स्थिर असलेली भेग घसरू शकते.

एकट्या भेगेपासून विभंगापर्यंत

खडकाचा नमुना दाबत गेल्यास तो तुटेपर्यंत अनेक अवस्थांतून जातो. आरंभी मूळच्या उघड्या भेगा मिटतात आणि खडक किंचित ताठर होतो. त्यानंतर काही काळ तो स्थितिस्थापक पदार्थासारखा वागतो. पुढे कणांच्या सीमा, खनिजांतील कमकुवत पातळ्या व छिद्रे यांच्यापासून सूक्ष्म भेगा फुटू लागतात. त्या दाबाच्या दिशेला समांतर उघडत असल्यामुळे नमुना आडवा फुगतो. ब्रेस, पॉल्डिंग व शोल्झ यांनी १९६६ मध्ये दाखवले की ही आकारमानवाढ तुटण्याच्या प्रतिबलाच्या सुमारे एक-तृतीयांश ते दोन-तृतीयांश टप्प्यावरच सुरू होते. दाबली जात असलेली वस्तू फुगू लागते ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटते, पण आतल्या उघडणाऱ्या भेगा लक्षात घेतल्या की ती स्वाभाविक ठरते.

प्रत्येक सूक्ष्म भेग फुटताना क्षीण ध्वनिलहर बाहेर पडते. नमुन्याला अनेक संवेदक चिकटवून या लहरी टिपल्या, तर भूकंपाचे केंद्र शोधावे तसे प्रत्येक भेगेचे स्थान काढता येते. या पद्धतीचा निर्णायक उपयोग डेव्हिड लॉकनर, जेम्स बायर्ली व त्यांच्या रशियन सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात झाला. अडचण अशी होती की कमाल भार गाठल्यावर ग्रॅनाइट क्षणार्धात फुटतो आणि विभंग कसा वाढला हे कळतच नाही. त्यांनी भार वाढवण्याचा वेग ध्वनींच्या संख्येला बांधला: आवाज वाढले की यंत्र भार कमी करी. त्यामुळे क्षणार्धात उरकणारी घटना कितीतरी लांबली आणि तिचा प्रवास नकाशावर मांडता आला.

आरंभी ध्वनींची केंद्रे नमुनाभर विखुरलेली होती. कमाल भाराच्या सुमारास ती अचानक एका जागी, नमुन्याच्या पृष्ठभागाजवळ, गोळा झाली. तेथून भेगांचा एक दाट पट्टा तिरप्या पातळीत पुढे सरकत गेला. पट्ट्याच्या अग्रभागी सर्वाधिक आवाज होते आणि मागे, जिथे खडक आधीच चुरडला होता, तिथे तुलनेने शांतता होती. म्हणजे विभंग खरोखर एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे वाढतो. मात्र त्याचे टोक धारदार रेषेसारखे नसून सूक्ष्म भेगांनी व्यापलेले क्षेत्र असते.

एवढ्या भेगा एकाच पट्ट्यात का जमतात, याचे उत्तर त्यांच्या परस्परक्रियेत आहे. उघडलेली प्रत्येक भेग आपल्या आजूबाजूच्या काही भागात ताण वाढवते व काही भागात कमी करते. तिच्या तिरप्या शेजारी असलेल्या भेगांना उघडणे सोपे होते. भेगा एकमेकींपासून दूर असतात तोवर हा परिणाम नगण्य असतो. पुरेशी दाटी झाली की शेजारच्या उभ्या भेगांमध्ये खडकाच्या सडपातळ पट्ट्या उरतात. त्या वाकतात, मोडतात, वळतात आणि मोडलेल्या पट्ट्यांची रांग घसरणीची पातळी बनते. बर्फाच्या अभ्यासातून हाच विचार अधिक नेमका झाला. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयातील एर्लंड शुल्सन यांना घसरणाऱ्या भेगेच्या एकाच बाजूला कंगव्याच्या दातांसारख्या समांतर भेगा फुटलेल्या दिसल्या. दातांमधील बर्फाच्या कांड्या एका टोकाला जखडलेल्या व दुसऱ्या टोकाला मोकळ्या असतात. घर्षणाच्या ओढीने त्या वाकून मोडतात आणि विभंगाला तोंड फुटते. कार्ल रेनशॉ व शुल्सन यांनी २००१ मध्ये ही यंत्रणा खडक व इतर ठिसूळ पदार्थांनाही लागू पडते असे मांडले.

या जुळणीचा खर्च ऊर्जेच्या हिशेबात स्पष्ट दिसतो. ग्रॅनाइटमध्ये उघडणारी एकटी भेग एक चौरस मीटर वाढवायला काही दहा ते शंभर-दोनशे ज्यूल पुरतात. विभंग तेवढाच वाढवायला लागणारी ऊर्जा १०,००० ज्यूलच्या कोटीची असते. विभंगाच्या एका चौरस मीटरमागे असंख्य सूक्ष्म भेगांचे पृष्ठभाग आणि चुरडलेल्या कणांचे घर्षण दडलेले असते, हे या तफावतीचे कारण होय.

शुद्ध कर्तन-भेग शक्य आहे काय?

वरील विवेचनावरून कर्तन-भेग ही केवळ ताण-भेगांची बेरीज आहे असा समज होऊ शकतो. हा प्रश्न पूर्णपणे निकालात निघालेला नाही. सोल्व्हेग मेलिन यांनी १९८६ मध्ये गणिताने दाखवले की पुरेसा मोठा सर्वदिश दाब असेल तर भेगेच्या टोकाजवळचा ताण दबून जातो, वळण्याचा मार्ग बंद होतो आणि भेगेला आपल्याच पातळीत कर्तनाने पुढे जावे लागते. झां-पिएर पती व मिशेल बार्कँ यांनी १९८८ मध्ये नैसर्गिक विभंग खरोखर अशा रीतीने वाढू शकतात का, याची प्रयोगांनी तपासणी केली. जिप्समच्या नमुन्यांत अँटोनियो बोबेट व हर्बर्ट आइनस्टाइन यांनी १९९८ मध्ये पंखभेगांनंतर येणाऱ्या दुय्यम भेगांची नोंद केली. या भेगा मूळ भेगेच्या जवळपास पातळीतच, कर्तनाने वाढतात आणि शेजारच्या भेगांना जोडतात.

मतभेदाचे मूळ पुष्कळदा मापाच्या प्रश्नात असते. उघड्या डोळ्यांना गुळगुळीत दिसणारी कर्तन-भेग सूक्ष्मदर्शकाखाली उभ्या आखूड भेगांची माळ निघते. अभियंत्याच्या दृष्टीने ती कर्तन-भेग आहे. खनिजाच्या कणाच्या पातळीवर ती नाही. दोन्ही वर्णने आपापल्या मापावर बरोबर आहेत.

काळ व ओलावा

भेगा वाढण्यासाठी दर वेळी भार वाढवावाच लागतो असे नाही. सिलिकायुक्त पदार्थांत भेगेच्या टोकाशी ताणलेले रासायनिक बंध पाण्याच्या रेणूंमुळे हळूहळू तुटतात आणि प्रतिबल-तीव्रता भंग-चिवटपणापेक्षा कमी असतानाही भेग सावकाश वाढत राहते. स्थिर भाराखालचा खडक काही काळाने फुटण्याचे हे कारण आहे. जर्मन अभियंता ह्युबर्ट र्‍यूश यांच्या १९६० च्या सुमाराच्या प्रयोगांत काँक्रीटवर त्याच्या अल्पकालीन सामर्थ्याच्या सुमारे ८० टक्के भार कायम ठेवला असता ते कालांतराने निकामी होते असे आढळले. प्रयोगशाळेत काही मिनिटांत मोजलेले सामर्थ्य पन्नास वर्षे उभ्या राहणाऱ्या वास्तूला जसेच्या तसे लावता येत नाही, ते यामुळेच.

वाढीचा वेग

एकदा जुळलेली कर्तन-भेग अस्थिर झाली की ती ध्वनिलहरींच्या तोडीच्या वेगाने धावते. उघडणाऱ्या भेगेचा सैद्धांतिक कमाल वेग पृष्ठभागावरून जाणाऱ्या रॅले लहरींइतका असतो. दुसऱ्या प्रकारच्या कर्तन-भेगा मात्र या मर्यादेपलीकडे उडी घेऊन कर्तन-लहरींपेक्षाही वेगाने जाऊ शकतात, असे १९७० च्या दशकात बरिज व अँड्र्यूज यांच्या गणितातून निघाले. आरेस रोसाकिस व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रयोगशाळेत, जोडलेल्या पारदर्शक पट्ट्यांच्या कमकुवत सांध्यावर अशी भेग छायाचित्रित केली. तिबेटच्या पठारावरील कुनलुन विभंगावर २००१ मध्ये झालेल्या भूकंपातही अशा अतिवेगाची चिन्हे नोंदली गेली.

खाणींतील खांब

भूमिगत खाणीत छताला आधार देण्यासाठी कोळशाचे वा धातुकाचे खांब न खोदता ठेवतात. खांबाच्या गाभ्याला सभोवतालच्या भागाचा आधार असतो, पण उघड्या पृष्ठभागाजवळ बाजूचा दाब शून्य असतो. तिथे उभ्या भेगा फुटून ढलप्या सुटतात, खांब सडपातळ होतो आणि उरलेल्या भागावरील दाब वाढतो. एका खांबाने सोडलेला भार शेजारच्या खांबांवर जातो.

ही साखळी किती भयंकर ठरू शकते हे दक्षिण आफ्रिकेतील कोलब्रुक येथील कोळसा खाणीत २१ जानेवारी १९६० रोजी दिसले. शेकडो खांब एकापाठोपाठ एक कोसळले आणि ४३० हून अधिक कामगार खाली गाडले गेले. खांबांच्या सामर्थ्याचा विश्वासार्ह हिशेब त्या वेळी उपलब्ध नव्हता. त्यानंतर मिक्लोस सालामन व मन्रो यांनी शाबूत राहिलेल्या ९८ आणि कोसळलेल्या २७ खांबक्षेत्रांची आकडेवारी तपासून १९६७ मध्ये खांबाची रुंदी व उंची यांवर आधारित सूत्र दिले. रुंद व बुटका खांब उंच व अरुंद खांबापेक्षा बळकट का असतो, याचे कारण त्याच्या गाभ्याला मिळणाऱ्या बाजूच्या दाबात आहे.

त्याच काळात नेव्हिल कुक यांनी खडक फुटताना होणारा स्फोट हा फक्त खडकाचा गुणधर्म नसतो, हे दाखवले. दाबणारे यंत्र लवचिक असेल तर त्यात साठलेली ऊर्जा भेगा जुळू लागताच नमुन्यावर तुटून पडते. यंत्र पुरेसे ताठर असेल तर तोच खडक सावकाश चुरडतो. खाणीत या यंत्राची जागा सभोवतालचा डोंगर घेतो. कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणींनी तीन किलोमीटरहून अधिक खोलीवर असे खडकस्फोट दीर्घकाळ अनुभवले.

कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात ग्रॅनाइटमध्ये ४२० मीटर खोलीवर एक प्रायोगिक बोगदा खोदून त्याच्या भिंतींचे निरीक्षण करण्यात आले. लहान नमुन्यांवरून अपेक्षित असलेल्या सामर्थ्याच्या जवळपास निम्म्या प्रतिबलालाच भिंतीतून ढलप्या सुटू लागल्या. बोगद्याच्या भिंतीशी भेगा मोकळेपणी वाढतात, त्यामुळे तिथे भेगा फुटू लागण्याचे प्रतिबल हेच सामर्थ्याचे खरे माप ठरते. अणुऊर्जेचा कचरा खडकात पुरण्याच्या योजनांना हा निष्कर्ष फार महत्त्वाचा आहे, कारण भिंतीलगतचा भेगाळलेला पट्टा पाण्याला वाट देऊ शकतो.

काँक्रीट

भारतात काँक्रीटची प्रत १५० मिलिमीटर बाजूचे घन दाबून ठरवतात. फुटलेल्या घनाचे एकमेकांवर टेकलेल्या दोन पिरॅमिडांसारखे अवशेष उरतात. पुष्कळ विद्यार्थी या तिरप्या पृष्ठभागांना काँक्रीटची स्वाभाविक कर्तन-पातळी समजतात, पण त्यात यंत्राच्या पोलादी पाटांचा मोठा वाटा असतो. पाट व घन यांच्यातील घर्षण वरच्या व खालच्या भागाला आडवे पसरू देत नाही आणि त्यांना बाजूचा आधार मिळतो. घर्षण काढून टाकल्यास तेच काँक्रीट उभे चिरते. उंच दंडगोलाच्या मधल्या भागाला हा आधार मिळत नाही, म्हणून त्याचे सामर्थ्य घनापेक्षा कमी, सुमारे ८० टक्के भरते.

बाजूच्या आधाराचा हेतुपुरस्सर उपयोग इमारतींच्या स्तंभांत केला जातो. इलिनॉय विद्यापीठात रिशार्ट, ब्रांट्सेग व ब्राउन यांनी १९२८ मध्ये दाखवले की बाजूचा दाब एक मेगापास्कलने वाढवला की काँक्रीटचे संपीडन-सामर्थ्य सुमारे चार मेगापास्कलने वाढते. स्तंभातील उभ्या सळयांभोवती बांधलेल्या रिंगा हेच काम करतात. काँक्रीट फुगू लागले की रिंगा ताणल्या जातात आणि उलट दाब देतात. पंखभेगा मोकळेपणी उघडत नाहीत आणि स्तंभ भेगाळूनही भार पेलत राहतो. भूकंपप्रवण भागांत स्तंभाच्या दोन्ही टोकांना रिंगा जवळजवळ बांधण्याचा नियम यातूनच आला आहे. बांधकामाच्या घाईत याच रिंगा विरळ केल्या जातात किंवा त्यांची टोके गाभ्यात नीट वळवली जात नाहीत. भूकंपात पहिल्या मजल्याखालचे स्तंभ मोडण्यामागे अनेकदा हा दोष असतो.

भूकवचातील विभंग

निसर्गातील विभंग बहुधा अखंड खडकात नव्याने जन्मत नाहीत. कॅलिफोर्नियातील सिएरा नेव्हाडा पर्वताच्या ग्रॅनाइटमध्ये पॉल सेगल व डेव्हिड पोलार्ड यांनी १९८३ मध्ये नोंदवले की आधी उघडून तयार झालेले समांतर सांधे पुढे बदललेल्या प्रतिबलाखाली घसरू लागले. त्यांच्या टोकांना तिरप्या भेगा फुटल्या आणि त्या भेगांनी शेजारच्या सांध्यांना जोडले. काचेच्या पट्टीत काही सेंटिमीटरवर दिसणारी पंखभेगांची रचना येथे कितीतरी मीटरांवर पुन्हा आढळते.

अस्तित्वात असलेला विभंग घसरवण्यासाठी संसंजन तोडावे लागत नाही, फक्त घर्षणावर मात करावी लागते. बायर्ली यांनी १९७८ मध्ये एकत्र केलेल्या मोजमापांनुसार हे घर्षण खडकाच्या जातीवर फारसे अवलंबून नसते. मध्यम दाबाला त्याचा गुणांक सुमारे ०.८५ असतो. छिद्रजलाचा दाब वाढला की हा अडसर सैल होतो. महाराष्ट्रात ११ डिसेंबर १९६७ रोजी झालेला ६.३ तीव्रतेचा कोयना भूकंप जलाशयाच्या पाण्याने चालना मिळालेल्या भूकंपांचे जगभर अभ्यासले जाणारे उदाहरण आहे. तेथील भूकंप सुमारे एक किलोमीटर जाडीच्या बेसाल्टखाली असलेल्या ग्रॅनाइटी व नाइस खडकांत होतात. त्या खडकांत प्रत्यक्ष पोहोचून प्रतिबल, तापमान व छिद्रजलाचा दाब मोजता यावा यासाठी कोयना परिसरात गोठणे येथे तीन किलोमीटर खोलीचे प्राथमिक विंधनविवर खोदण्यात आले असून या संशोधनाचे काम कराड येथील प्रयोगशाळेतून चालते.